कुणाकडे काही न मागणारी निमा

ईरा, निहार,

परवा फोनवर मी निहारला विचारलं, "तुझा तो नवा प्रोग्राम सगळं पोटात घेऊन जातो, की जिथे जाईल तिथल्या लायब्रऱ्या मागत बसतो?" त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की तुमच्याकडचा फोनच खाली पडला. "आजी, तुला हे कोणी शिकवलं?" असं ईराने तीनतीनदा विचारलं. फोनवर सांगता आलं असतं, पण ते सांगताना माझा आवाज अजून सरळ राहत नाही. लिहिताना हात तरी बरा राहतो.

तुम्हाला निमा तोरसकर आठवते का? आमच्या परळच्या मजल्यावर, समोरच्या दारात राहायची. तुम्ही लहान असताना आला होतात, तेव्हा तिने तुम्हाला एकेक शिट्टी दिली होती. "लिफ्ट अडकली तर वाजवायची. आणि नाही अडकली तर वाजवायची नाही." दुसरं वाक्य निहारच्या कानात शिरलं नाही. दोन दिवसांनी वॉचमन वर आला, "काकू, तेवढी शिट्टी लपवा."

आम्ही फणसवाडीची जागा सोडून इथे आलो, ती मात्र इथलीच. हा टॉवर ज्या चाळीच्या जागी उभा आहे, त्या चाळीत तिचा जन्म झाला. वडील गिरणीत होते. निमा शिकली, कॉम्प्युटरमध्ये गेली आणि दादरच्या एका लहान कंपनीत हॉस्पिटलांची, लॅबची यंत्रं सांभाळायची कामं करू लागली. लग्न केलं नाही. मी तिला ओळखू लागले तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास होती. बारीक अंगाची, चष्म्याला मागून काळी दोरी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मेणबत्ती, काडेपेटी, सुईदोरा, चमचा, टॉर्च, टॉर्चचे जादा सेल आणि पाण्याची बाटली. आमच्याकडे हळदीकुंकवाला आली तरी पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायची. सोवळ्याओवळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. "तुमच्याकडे पाणी असणारच, काकू. पण समजा नसलं तर?"

तिच्या आईला आम्ही माई म्हणायचो. माई मुंबईत जन्म काढूनही घरात मालवणीच बोलायच्या. "ह्यां चेडू पोटातून भायर इलां तां पिशवी घेवनच," असं त्या सांगायच्या आणि निमा शांतपणे म्हणायची, "मग? लागली ना?"

निमा सतत घाबरलेली असायची आणि ती भीती मोठ्याने बोलून दाखवायची. गॅस बंद केला का, गच्चीचं दार लावलं का, आजोबांच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवल्यात का. तिचं बोलणं ऐकलं की मला उलट धीर यायचा. आपल्या वाटची काळजी कुणीतरी वाहतंय, असं वाटायचं.

आमची खरी ओळख इंग्रजीमुळे झाली. मी नोकरीत असताना साहेबांची पत्रं लिहायची, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. एक दिवस ती तिच्या प्रोग्रामाचे निरोप छापलेला कागद घेऊन आली. "काकू, एवढं इंग्रजी तपासता?" वरच्याच ओळीत होतं, 'फेटल एरर. इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. अबॉर्टिंग.'

मी म्हटलं, "इंग्रजी बरोबर आहे गं. पण हॉस्पिटलात एखाद्या नर्सने हे वाचलं तर तिला वाटेल, कोणीतरी गेलंच."

निमा खुर्चीवर बसली. "म्हणूनच आले. हा मजकूर निवांतपणे कोणी वाचत नाही, काकू. काहीतरी बिघडलेलं असतं आणि माणूस घाबरलेला असतो, तेव्हाच वाचतो."

त्या दिवसापासून तिच्या प्रोग्रामांचे सगळे निरोप मी लिहू लागले. आमचं ठरलं होतं: काय झालं, काय झालेलं नाही आणि आता काय करायचं, एवढंच सांगायचं. भीतिदायक शब्द वापरायचा नाही. एखाद्या निरोपावर आम्ही दोघी तासभर वाद घालायचो आणि आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "कादंबरी कुठवर आली?"

तिचे प्रोग्राम म्हणजे तुमच्यासारखे रंगीत, चित्रांचे नव्हेत. काळा पडदा, त्यावर एक ओळ टाइप करायची आणि काम व्हायचं. एकाचं काम रिपोर्ट जुळवण्याचं, एकाचं फाइली तपासण्याचं, एकाचं औषधाची लेबलं छापण्याचं. युनिक्स नावाच्या प्रणालीच्या कुळातलं कुठलंही यंत्र असो, नवं, जुनं, हाताच्या पंजाएवढं, त्यावर नेऊन ठेवला की चालला पाहिजे, असा तिचा हट्ट. कंपनीचं काम वेगळं. हे ती घरी करायची आणि मागेल त्याला फुकट द्यायची.

त्या हट्टामागे एक फोन होता. पूर्वी ती इतरांसारखेच प्रोग्राम लिहायची. म्हणजे नेहमी लागणाऱ्या गोष्टी प्रोग्रामात न घालता यंत्रात आधीपासून असलेल्या लायब्रऱ्यांमधून, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोठारातून, घ्यायच्या. कोकणातल्या एका लहान दवाखान्यात पाणी शिरलं, कॉम्प्युटर भिजला, कुणीतरी दुसरा आणून लावला. त्यात ती लायब्ररी नव्हती. प्रोग्राम उघडेना आणि पडद्यावर न समजणारी एक ओळ. तिथल्या नर्सने निमाला फोन लावला. समोर पेशंट, त्याला आधी काय दिलं ते कळत नाही, आणि ती फोनवर रडतेय. त्या पेशंटला पुढे काही झालं नाही. "पण ते रडणं माझ्या कानात राहिलं," निमा म्हणायची. तेव्हापासून तिने ठरवलं, प्रोग्रामाला लागणारं सगळं त्याच्या पोटातच भरायचं. एकच फाइल. ती ज्या यंत्रात जाईल तिथे तिला काही मागायला लावायचं नाही. यालाच तुम्ही स्टॅटिक लिंकिंग म्हणता ना?

आजोबांना हे समजावल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे निमाबाई, तुमचा प्रोग्राम ही माहेराहून पलंगापासून पाट्यावरवंट्यापर्यंत सगळं घेऊन आलेली सून."

"हो काका. आणि सासरी मीठसुद्धा मागायचं नाही."

"फार जड सून हो!"

"जड चालेल. रडत फोन करणारी नको."

तिच्या घरी हॉलमध्ये लोखंडी रॅकवर चार-पाच जुनी यंत्रं होती. त्यांना ती 'कंगाल' म्हणायची, कारण त्यांतलं जे काढता येईल ते तिने काढून टाकलेलं. भांडं नसलेलं घर. प्रत्येक नवा प्रोग्राम आधी या कंगालांवर चालवायचा, मगच बाहेर जाऊ द्यायचा. यंत्रं दिवसभर गरम असत, म्हणून माई त्यांच्यावर आमसुलांची ताटं ठेवायच्या. निमा ओरडायची, "माई, रस आत जाईल!" माई म्हणायच्या, "जावंदे. तेंकाय वायच आंबट कळांदे." मी समोर जायची तेव्हा दोघींचं हे चाललेलं असायचं: एक यंत्रासमोर वाकलेली, दुसरी त्यावरची आमसुलं उलटी करणारी.

आता जे सांगायचं आहे ते.

तुमच्या आजोबांना तापाने परळच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. त्यांना मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन. त्या वॉर्डात निमाचाच लेबलांचा प्रोग्राम होता. सिस्टरने बटण दाबलं की आतून तो चालायचा आणि दिलेल्या औषधाचं नाव व वेळ छापलेली चिकटपट्टी बाहेर यायची. ती पेशंटच्या कागदावर लावायची. पुढची सिस्टर तेच बघून ठरवायची.

दुपारी निमा पेजेचा थर्मास घेऊन आली. खुशीत होती. तिथल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाचा तिला मेसेज आला होता. सकाळी वॉर्डात कॉम्प्युटरची नवी छोटी पेटी बसवली, जुन्यातून तुमचा प्रोग्राम उचलून ठेवला, मॅडम, एका फटक्यात चालला. तिने तो मेसेज मला वाचून दाखवला.

मग ड्यूटी बदलली आणि नवी सिस्टर आली. गोड मुलगी होती, घाईत होती. तिने कागद पाहिला. "आजी, सकाळचंच लेबल दोनदा लावलंय हो. एक आठचं, एक साडेसातचं. बाबांचं दुपारचं इंजेक्शन राहिलंय."

जेवण आलं तेव्हा मी खाली औषधाच्या दुकानात गेले होते. दिलं की नाही, मला माहीत नव्हतं. आजोबांना विचारलं, "अहो, जेवायच्या आधी टोचलं का?" ते ग्लानीत होते. "कोणास ठाऊक. इथे येईल तो टोचतो."

सिस्टरने इंजेक्शन भरलं. बटण दाबून लेबल छापलं आणि कागदावर चिकटवलं. निमाची सवय अशी की आपल्या प्रोग्रामातून निघालेलं काहीही ती वाचायचीच. तिने वाकून वाचलं. मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पावणेतीन होत आले होते. लेबलवर सकाळचे नऊ वाजून गेले होते.

"सिस्टर, थांबा. टोचू नका."

ती इतक्या हळू बोलली की मला भीती वाटली. गॅसच्या बटणावरून मजला डोक्यावर घेणारी ही बाई, आणि आज तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

सिस्टर म्हणाली, "तुम्ही कोण?"

"हे लेबल मी केलंय. ते खोटं बोलतंय. साडेपाच तास मागे आहे. ते साडेसातचं लेबल दुपारी एकचं आहे. ह्यांना इंजेक्शन मिळालेलं आहे. आधी साखर बघा."

सिस्टरने साखर तपासली. आकडा बघून ती आजोबांच्या पायाशी खाटेवरच बसली. तापामुळे त्यांनी चार घासच खाल्ले होते, आणि इंजेक्शन मात्र पूर्ण दिलं गेलं होतं. साखर आधीच उतरत होती. त्यांना साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टर धावत आले. भरलेली ती सिरिंज ट्रेमध्ये पडून होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला दुसरीकडे बघता येत नव्हतं.

निमा तिथे थांबली नाही. सिस्टरला घेऊन ती खाटेखाटेपाशी गेली, नव्या पेटीतून निघालेलं प्रत्येक लेबल काढायला लावलं, खऱ्या वेळा पेनने लिहून घेतल्या. पेटी बंद करायला लावली. वॉर्डात आणखी कुणाला चुकीचं काही दिलं गेलं नव्हतं, एवढी खात्री झाल्यावर ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिने पिशवीतून बाटली काढली आणि झाकण न उघडता हातात धरून ठेवली.

"यंत्राच्या आतलं घड्याळ सगळ्या जगाचं एकच असतं, काकू, ग्रीनिचचं," ती सांगू लागली. "त्यावरून आपल्याकडची वेळ काढायला एक छोटी फाइल लागते. मी सगळं पोटात भरलं, तेवढी एक फाइल राहिली. ती प्रोग्राम यंत्राकडे मागायचा. बहुतेक यंत्रांत असते. ह्या पेटीत नव्हती."

"मग तो अडला का नाही? आपण एवढे निरोप लिहिलेत."

"अडला असता तर आज कुणी घाबरलं नसतं. मिळाली नाही म्हणून गप्प बसला आणि ग्रीनिचची वेळ छापत सुटला."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "तुझे ते कंगाल? त्यांच्यावर कळलं नाही?"

ती म्हणाली, "माईला आमसुलं उलटताना तिथल्या पडद्यावर घड्याळ बघायची सवय आहे. चुकीची वेळ दिसली की ती चिडायची, 'ह्यां काय, माज्या गोळीची येळ झाली का नाय?' म्हणून मीच ती फाइल सगळ्यांत घातली होती. पहिल्याच दिवशी. नंतर विसरले."

भांडं नसलेल्या घरात तिने आईसाठी एक वस्तू ठेवली होती. त्या एका वस्तूमुळे ते घर कंगाल राहिलं नव्हतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती म्हणाली, "काका वाचले, काकू. पण तो प्रोग्राम कुठे कुठे गेलाय, मला माहीत नाही. कुणाला काही विचारल्याशिवाय चालतो, म्हणून लोकांनी मलाही न विचारता नेला. पेन ड्राइव्हवर घालून एकमेकांना दिला." मग आणखी हळू, "आणि तो कधी बंद पडत नाही."

तिने प्रोग्राम सुधारला. ती फाइलसुद्धा पोटात भरली. शिवाय वेळेची खात्री नसेल तर छापायचंच नाही, असं केलं. तेव्हाचा निरोप मी लिहिला, इंग्रजीत आणि मराठीत. 'वेळेची खात्री नाही. लेबल छापलेलं नाही. भिंतीवरचं घड्याळ पाहून वेळ हाताने लिहा.' या वेळी वाद झाला नाही.

पण ज्यांच्याकडे जुना होता त्यांचं काय? लायब्ररी यंत्रात असती, तर ती एकदा बदलल्यावर त्या यंत्रातले सगळे प्रोग्राम सुधारले असते. इथे प्रत्येक प्रत स्वतःची चूक पोटात घेऊन बसलेली. एकेक शोधून काढायची. निमा फोन करायची, मी समोर बसलेली असायची.

"मॅडम, मस्त चाललंय. कशाला हात लावताय?"

"घड्याळ जुळतंय का बघा ना."

"जुळतंय हो."

"नवीन मशीन आणलीत तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. तुम्ही पण ना!"

फोनवर जमेना, तेव्हा ती स्वतः जाऊ लागली. एकदा मीही गेले, शीव कोळीवाड्याजवळच्या एका दवाखान्यात. तिथल्या लॅबमधल्या बाई हसऱ्या, गप्पिष्ट. निमाने लेबलांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "हां, ते लेबल जरा मागे असतं. मशीन बदलल्यापासून. आम्ही काय करतो, मनातल्या मनात साडेपाच तास मिळवतो. आता पाठ झालंय."

निमाने विचारलं, "सगळ्यांना पाठ आहे?"

"हो तर."

"नवीन कोणी आलं तर?"

"तिला सांगतो की."

"सांगितलंय?"

त्या बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे दाराकडे गेले. दारात ट्रे घेऊन एक नवी मुलगी उभी होती. तिने आमच्याकडे बघून विचारलं, "काय मिळवायचं?"

त्यानंतर कित्येक रात्री मला झोप लागली नाही. आजोबा म्हणायचे, "मी इथे आहे ना धडधाकट?" ते होते. पण मला ती दारातली मुलगी दिसायची.

निमा मात्र बदलली. पूर्वीसारखं मोठ्याने घाबरणं संपलं. मजल्यावर तिचा आवाज येईनासा झाला. माई मला म्हणाल्या, "गो, ह्यां आता माका गॅस बंद कर म्हणान पण सांगणा नाय."

मुंबईतल्या माहीत असलेल्या सगळ्या जागा झाल्यावर कोकण राहिलं. काळाचौकीच्या एका डॉक्टरने प्रोग्राम देवगडच्या मेहुण्याला दिला होता आणि मेहुण्याने आसपास वाटला होता. निमाने नोकरी सोडली आणि तिकडच्याच एका दवाखान्यात काम धरलं. तिथे राहून गावोगाव जायचं. माईंना गावच्या घरी परत जायचं होतंच. रॅक आणि कंगाल सोबत चालले होते, या वेळी त्यांतली ती फाइल काढून.

निघायच्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेले. परळच्या नाक्यावरून त्यांची बस होती. गेटपाशी टॅक्सी उभी, वर यंत्रं बांधलेली, आत माई, मांडीवर आमसुलांची बरणी. निमाच्या खांद्याला तीच पिशवी. मी वाटेत खायला लाडू केले होते. मला वाटलं, ती नेहमीप्रमाणे म्हणेल, आहे माझ्याकडे. तिने घेतले.

"काका वर आहेत?"

"गॅलरीत. बघ, हात करतायत."

तिने वर बघून हात केला. मनगटावर घड्याळ होतं, ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं. तरी तिने विचारलं, "काकू, किती वाजले?"

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे सुईसुद्धा मागितली नव्हती. मी माझ्या घड्याळात बघून सांगितलं. तिने स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं. मग वॉचमनला विचारलं, "दादा, किती वाजले?" त्याने मोबाइल काढून सांगितलं.

"गो, गाडी सुटतली!" माई आतून ओरडल्या.

तिघांची वेळ जुळली, तेव्हा ती टॅक्सीत बसली. टॅक्सी वळणावर थांबली. तिथल्या पानवाल्याच्या दिशेने खिडकीतून तिचा हात बाहेर आला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटावर टेकली. पानवाल्याने मान वळवून मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.